गैरहजराचं नाव

केतामा, १४ सप्टेंबर

मुफद्दल, माझ्या आईच्या लेका,

मुबारक. तुला माफी झाली. मला झाली नाही, कारण सरकारदरबारी मी काहीच केलेलं नाही.

परवा सरकारी कामं बघणारा आपला मुकद्दम यादी घेऊन मशिदीसमोर उभा राहिला आणि एकेक नाव वाचू लागला. किफ पिकवल्याबद्दल ज्यांच्यावर खटले होते, वॉरंटं होती, ते सगळे माफ. वर देवदाराच्या रानात लपून राहिलेली माणसं खाली आली होती. काही जणांचे चेहरे तर मी दहा वर्षांनी दिवसाउजेडी पाहिले. नाव पुकारलं की त्या घरच्या बायका ललकाऱ्या देत होत्या. मग तुझं नाव आलं: मुफद्दल, वडील अहमीदू, मुक्काम परदेश. आपल्या घरची म्हणून तुझी वहिनी रहमा एकटीच ललकारली. मी जागच्या जागी उभा. आनंद झाला की लाज वाटली, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट ऐक, आणि हसायचं तर हस. वर्तमानपत्रात छापलं की किफ, म्हणजे त्यांच्या भाषेत गांजा, कायदेशीर झाला. म्हणजे झाला आहे, आणि झालाही नाही. ज्याच्याकडे परवाना त्याचा किफ औषध, ज्याच्याकडे नाही त्याचा गुन्हा. बांध एकच, माती एकच, पण बांधाच्या अलीकडे औषध आणि पलीकडे गुन्हा. परवाना एकट्यादुकट्याला मिळत नाही. सहकारी संस्थेत नाव हवं आणि संस्थेच्या पाठीशी कंपनी हवी. आपल्या वस्तीत संस्था काढली हम्मादीनं. तोच, ज्याच्या बकऱ्या आपल्या वालात शिरायच्या. आता अध्यक्ष झालाय, फायली काखेत मारून फिरतो.

नावं नोंदवायला कचेरीतून एक साहेब आला. मला पुस्तकी अरबीत विचारतो, "आपण आजवर अल-किन्नब अल-हिंदीची लागवड केली आहे काय?" हिंदी! मी म्हटलं, साहेब, हिंदुस्थानचं आमच्याकडे काही नाही. आमचं सगळं बेलदी. कोंबडी घरची, लोणी घरचं, बियाणं आजोबांच्या हातचं. परक्या रूमी मालाला मी बांधाच्या आत येऊ देत नाही, हिंदुस्थान तर त्याहून लांब. त्यानं लिहिलं, 'कधीही लागवड केलेली नाही.' मी खाली ठसठशीत सही केली आणि वर त्याला दुवा दिली.

बाहेर आलो तर हम्मादीनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, सरकारी भाषेत आपल्या किफलाच हिंदी किन्नब म्हणतात! ही यादी जुन्या पिकवणाऱ्यांची आहे. तू लेखी दिलंस की तू पिकवणाराच नाहीस!"

छत्तीस वर्षं पिकवतोय, मुफद्दल.

रहमा म्हणते, आडवळणं पुरे, काम सांग. तर काम असं. झऱ्याजवळच्या शेताचा कागद आपल्या घराण्यात कुणाकडेच नव्हता, तुला माहीतच आहे. सरकारी दप्तरात त्या शेताचं नाव आयुष्यात एकदाच आलंय, पोलिसांच्या पंचनाम्यात, आणि तिथं पिकवणारा म्हणून तुझं नाव आहे. आता माफी झालेल्यांना परवाना आधी. तू वकिलातीत जाऊन माझ्या नावे मुखत्यारपत्र दिलंस तर शेत संस्थेत जाईल. नाही दिलंस तर या मोसमापासून तिथं पेरलेलं प्रत्येक रोप गुन्हा.

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल.

अल्लाल

•

केतामा, ३ नोव्हेंबर

मुफद्दल,

उत्तर नाही. पत्ता मामाच्या लेकानं दिलाय. तू रॉटरडॅमला त्याच पावभट्टीत आहेस असं तो म्हणतो. फोन तर तू तेव्हाच बदललास.

कंपनीचा माणूस येऊन गेला. तौफीक नाव, कासाब्लांकाचा इंजिनियर, बूट इतके स्वच्छ की चिखलालाच संकोच वाटावा. रहमानं वालाचं घट्ट कढण, आपलं बिसारा, आणि तेल पुढं ठेवलं. दोन घास खाल्ले, छान म्हणाला आणि खिडकीतून झऱ्याकडे बघत बसला. म्हणाला, "काका, तुमचं बेलदी रोप उंचच उंच वाढतं, पण त्यात दम नाही. औषधाला दरवेळी मोजून सारखाच माल लागतो. आमचं बियाणं परदेशातलं आहे. त्याला फक्त पाणी लागतं."

मी विचारलं, किती पाणी?

तो हसला. "जितकं असेल तितकं."

सात घरांचे वाल त्या झऱ्यावर आहेत! बेलदीला काय लागतं? फेब्रुवारी-मार्चात पेरा, वरून पडेल ते पाणी ती पिते, ऑगस्टात कापा. ही रूमी बया ऐन उन्हाळ्यात तोंड उघडून बसणार आणि आम्ही तिला पाजत राहायचं. मी हे बोललो तर म्हणतो, "म्हणूनच तर शेत आमच्याकडे द्या. पंधरा वर्षांचा करार करू. तुम्हाला काही करायलाच नको." काही करायला नको म्हणजे मी करू काय? त्यानं तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, भाऊ मेला. अल्ला माफ करो, तोंडातून निघून गेलं.

हम्मादीचं ऐक. त्याच्या शेताला कंपनीनं जाळीचं कुंपण घातलंय, कोपऱ्यावर कॅमेरा, फाटकावर पहारेकरी. हम्मादी स्वतःच्या शेतात गळ्यातलं कार्ड दाखवून शिरतो. परवा कार्ड घरी विसरला तर पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. पहारेकरी त्याचाच मेव्हणा! अख्खी वस्ती हसली. हम्मादीही हसला, पण नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अल्लाल, पूर्वी पोलीस आले की पळायचो. तरी पळताना वाटायचं की शेत माझं आहे."

मग मी परवाना मागतोय तरी कशाला, असं तू विचारशील. मीही विचारतो. परवाना नसेल तर तुरुंग, असेल तर गळ्यात कार्ड. हम्मादी म्हणतो, कंपन्या पुष्कळ आहेत. एक छोटी कंपनी बेलदी घ्यायला तयार आहे, कारण सरकारनं आता बेलदीलाही परवानगी दिली. पण आधी शेत यादीत हवं. यादी मार्चच्या वीस तारखेला बंद होते.

माझी मती गुंग झालीये. तू पूर्वी मला हिशेबीपणानं दोन गोष्टी सांगायचास, तशा आता सांग.

अल्लाल

•

केतामा, ५ जानेवारी

मुफद्दल,

तुझं पत्र आलं. बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. रहमाला वाटलं पाकिटात आणखी कागद असेल, म्हणून तिनं ते उलटं करून झटकलं. पण ओळ एकच होती: 'त्या दिवशी पोलिसांना माझं नाव कुणी सांगितलं?'

एवढंच विचारायला तू तिकीट लावलंस.

बरं, सांगतो. तू परदेशात होतास, तुला इथलं चित्र माहीत नाही. पोलीस वरच्या वाटेनं आले. रोपं कमरेच्या वर गेली होती. यम्मा, आपली आई, दारात वाल निवडत बसली होती. मी बाजारात होतो. साहेबानं विचारलं, शेत कुणाचं? आणि आपल्या डोंगराची रीत तू विसरला नसशील. अशा वेळी जो समोर नाही त्याचं नाव सांगायचं. मेलेल्याचं, नाहीतर परदेशी गेलेल्याचं. पोलिसांच्या दप्तरात केतामाचा अर्धा किफ कबरीतली माणसं पिकवत होती! पोलिसांनाही ते ठाऊक असायचं. ते नाव लिहायचे, रोपं उपटायचे, चहा पिऊन जायचे.

तर यम्मानं तुझं नाव सांगितलं.

तिनं वाईट हेतूनं नाही सांगितलं. तिला वाटलं, तू समुद्रापार आहेस, तुझं काय वाकडं होणार? पुढं ते नाव कुठल्या यंत्रात जाईल, आणि वर्षभरानं ती आजारी म्हणून तू तांजेरला बोटीतून उतरशील तेव्हा तुला बंदरावरच धरतील, हे त्या म्हातारीला काय माहीत? एकोणीस दिवस तुला आत ठेवलं आणि चौथ्या दिवशी आम्ही तिला माती दिली. सुटल्यावर तू घराकडे न येता तसाच परत बोटीत बसलास. बरोबर की नाही, मी कोण बोलणार.

आता कळलं ना? तेव्हा राग सोड. मेलेल्या माणसावर कसला राग? आणि मुखत्यारपत्राचं बघ. वकिलात शुक्रवारी लवकर बंद होते म्हणे.

अल्लाल

•

केतामा, ९ फेब्रुवारी

मुफद्दल,

मागचं पत्र मिळालं असेल तर जाळ. मिळालं नसेल तर आलं की जाळ.

महिना झाला, मला जेवण गोड लागत नाही. रहमानं विचारलं, पोट बिघडलंय का? मी हो म्हटलं. मग ती चार दिवस मला ओव्याचं पाणी पाजत राहिली, आणि मीही मुकाट्यानं पीत राहिलो.

मी बाजारात नव्हतो. तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असेल. पोलीस आले तो सोमवार होता आणि बाजार गुरुवारी भरतो. खोटंसुद्धा मला धड बोलता येत नाही. मी शेतातच होतो, हातात विळा. साहेबानं मलाच विचारलं, शेत कुणाचं? आणि मी सांगितलं, माझ्या भावाचं, मुफद्दलचं. वडिलांचं नाव त्यानं विचारलंही नव्हतं. तेही मीच सांगितलं, म्हणजे चूक व्हायला नको.

यम्मा दारात वाल निवडत होती, तेवढं खरं. पोलीस गेल्यावर ती म्हणाली, "एक लेक वाचवायला दुसरा दिलास. मला विचारलंस का?" मी म्हटलं, यम्मा, रीतच आहे ती, त्याचं काही होत नाही. त्या हिवाळ्यात ती माझ्या हातचा चहा घेत नसे, रहमाच्या हातचा घ्यायची. वस्तीत कुणाला हे माहीत नाही. रहमालाही माहीत नाही. तिला वाटतं म्हातारीला माझा चहा फार गोड लागायचा.

त्या हिंदी किन्नबचंही आता सांगून टाकतो. ते किफचंच नाव आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. रेडिओवर रोज ऐकतो मी, काय बहिरा आहे का? पण गणवेशातल्या माणसानं विचारलं की माझं तोंड माझ्या आधी बोलतं. छत्तीस वर्षं त्याला एकच शब्द शिकवलाय, 'नाही'. 'नाही' म्हणून झालं की मग मी विचार करतो, आपण असं का बोललो. आणि तो साहेब तर गणवेशातही नव्हता, साध्या स्वेटरमध्ये होता.

तू विचारलंस तेव्हाही तसंच झालं. समोर नसलेलं नाव शोधलं आणि सांगून मोकळा झालो. ह्या वेळी कबरीतलं सापडलं. स्वतःच्या आईचं!

मुखत्यारपत्र देऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण पेरणी तोंडावर आली आहे आणि ते लिहायला हात होत नाही. तुला जे योग्य वाटेल ते कर.

अल्लाल

•

केतामा, २६ फेब्रुवारी

मुफद्दल,

आज तुझं मुखत्यारपत्र आलं. शिक्का, तिकीट, सही, सगळं व्यवस्थित. तारीख सात फेब्रुवारी. माझं ते कबुलीचं पत्र नऊचं. म्हणजे वाटेत कुठंतरी दोन्ही पत्रं एकमेकांना ओलांडून गेली.

बरोबर तुझी चिठ्ठी आहे. तू लिहिलंस: 'यम्मानं सांगितलं असेल तर मग काय बोलायचं. आई डोळ्यांसमोरच्या लेकाला वाचवते. इतकी वर्षं मी तुझ्यावर दात धरून होतो. मोठ्या भावावर असा संशय घेतला, मला माफ कर. शेत तू बघ.'

मला माफ कर म्हणतोस? तू? मला?

रहमा ती चिठ्ठी वाचून रडली, म्हणाली, बघ, शेवटी आईचंच पोर ते. तिनं अंगणात उभं राहून साऱ्या शेजाऱ्यांना सांगितलं. हम्मादी मिठाई घेऊन आला. सगळे मला मिठ्या मारत होते आणि मी खांबासारखा उभा. एका बाईनं तर म्हटलं, आनंदानं त्याची वाचाच गेली.

आता ह्या कागदाचं काय करू? तो तू मला दिलेलाच नाहीस. जी गोष्ट घडलीच नाही, तिच्यापायी दिला आहेस. पण कागद खरा आहे, शिक्काही खरा. चार दिवसांनी रमजान. यादी बंद व्हायला बावीस दिवस आहेत. माझं नऊचं पत्र तोवर तुला मिळालेलं असेलच. तू हो म्हण, नाही म्हण, किंवा कागद परत माग. तू म्हणशील ते मान्य.

अल्लाल

•

केतामा, २१ मार्च

मुफद्दल,

तुझं उत्तर आलं नाही. वीस तारखेच्या सकाळपर्यंत वाट पाहिली. मी स्वतःशी म्हटलं, तो गप्प आहे म्हणजे हो. पुढच्याच क्षणी म्हटलं, गप्प आहे म्हणजे तोंड बघायचं नाही. कागद त्यानं रद्द केलेला नाही म्हणजे हो. रद्द करण्याइतकीही त्याला माझी किंमत उरली नाही म्हणजे नाही. रहमा म्हणाली, पुटपुटतोस काय, रोजा लागलाय का डोक्यात?

हम्मादीबरोबर कचेरीत गेलो. समोर फेस शहराची एक तरुण मुलगी बसली होती, मोठी गुणी. तिनं कागद पाहिला, पंचनामा पाहिला, माफीची यादी पाहिली. सगळं जुळलं. मग नुसता रिवाज म्हणून तिनं विचारलं, "लागवड करणारे तुमचे भाऊ मुफद्दल. तुम्ही फक्त मुखत्यार. तुम्ही स्वतः विनापरवाना कधी पिकवलेलं नाही, बरोबर ना काका?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. सगळ्या जगाला माझ्याकडून तेच हवं होतं, आणि तेवढंच तर मला येतं.

मी म्हटलं, "पिकवलंय."

हम्मादीनं टेबलाखालून लाथ घातली. मुलीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, रोजा आहे, थकला असाल. पुन्हा विचारते. नाही म्हणा आणि घरी जा."

मी म्हटलं, "पोरी, लिही. छत्तीस वर्षं मीच किफ पिकवला. मुफद्दल वीस वर्षांचा असताना परदेशी गेला, त्यानं त्या शेताला कधी फावडंही लावलं नाही. पोलिसांना त्याचं नाव मी सांगितलं. यादीत आहे तो गुन्हा माझा, त्याचा नाही." हम्मादी उठून बाहेर गेला. माझं तोंड थांबेना. मुलगी लिहीत राहिली. तिला तरी दुसरं काय करता येणार?

आता गंमत बघ. माफी होती ती जाहीर झाली त्या दिवसापर्यंतच्या खटल्यांना. माझ्यावर खटला नव्हता, तेव्हा माफी नाही. सप्टेंबरात मी लिहून दिलंय की पिकवलं नाही, काल लिहून दिलं की पिकवलं, तेव्हा परवाना नाही. पंचनाम्यातलं नाव चुकीचं ठरलं, तेव्हा ते शेत कागदावर कुणाचंच उरलं नाही. ज्याचं कुणी नाही ते सरकारचं, आणि सरकार ते भाड्यानं देऊ शकतं. तौफीकनं संध्याकाळीच अर्ज टाकला, असं हम्मादीनं मला कुंपणाच्या आतून ओरडून सांगितलं. दोन पिढ्यांनी जे जपलं ते मी दोन वाक्यांत घालवलं.

मग मुकद्दम घरी आला. इफ्तारला हरीरा प्यायला, खजूर खाल्ले, आणि म्हणाला, "अल्लाल, सोमवारी ठाण्यात ये. नाहीतर येऊ नकोस, मी म्हणेन सापडला नाही. तुझ्यावर गुन्हा होतो की नाही, ते मलाच माहीत नाही. वर विचारलं, त्यांनाही माहीत नाही." मी ठरवलंय, रविवारी वर देवदारात जाईन. सत्तावन्न वर्षांचा झालो, आता कुठं लपायला निघालो.

रहमाला सगळं सांगितलं. यम्माच्या चहाचंही. ती उठून पेरणीची टोपली घेऊन आली. आज सकाळी आम्ही दोघांनी झऱ्याजवळ बेलदी पेरली, सगळीच्या सगळी. कायद्यानं तो गुन्हा आहे की काय आहे, देव जाणे. कंपनी यायच्या आत निदान एकदा ती कमरेच्या वर गेलेली बघू.

ऑगस्टात ती कापायला येईल. मी घरी असेन की रानात की आत, सांगता येत नाही. रहमाला एकटीला ते झेपणार नाही. तुला आता तांजेरला कुणी अडवणार नाही. यम्माची कबर रहमा दाखवेल. विळा कसा धरायचा तेही तीच शिकवेल, तुला ते येत नाही. मी तुझ्याकडे माफी मागतोय की कापणीला माणूस मागतोय, ते माझं मलाच कळत नाही. पण ये.

अल्लाल